मार्क दुप्पट, मार चौपट : फोमच्या बंदुकांचं परीक्षण कसं वाचावं

लातुरात कुठल्याही गोष्टीची ओळख मार्कांपासून सुरू होते. पोरगा भेटला की नावाच्या आधी विचारतात, "नीटला किती?" ७२० पैकी आकडा सांगितला की पोरगा कळला, असं आपण धरून चालतो. राजर्षी शाहू आणि दयानंद महाविद्यालयांच्या जोरावर या शहरानं 'पॅटर्न' हा शब्द महाराष्ट्राच्या तोंडी बसवला. त्याचा अभिमान आहेच. पण मार्कांची सवय एकदा लागली की ती परीक्षेपुरती राहत नाही. हॉटेलला पाचपैकी चार पूर्णांक दोन, फोनला इतके मेगापिक्सल, सिनेमाला इतके कोटी.

मी याच शहरात फोमचे डार्ट मारणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका जमवतो. तिशी ओलांडलेला माणूस हे करतो म्हटल्यावर लोक पहिल्यांदा हसतात आणि मग भाच्यासाठी एखादी मागतात. नर्फ हे नाव तुम्ही ऐकलं असेल, निळ्या-नारिंगी रंगाचं ते प्लास्टिक मॉलमध्ये पाहिलंही असेल. या छंदाचं स्वतःचं परीक्षण-वाङ्मय आहे. खरंच आहे. जगभरातले लोक खोकं उघडण्यापासून आतली स्प्रिंग बाहेर काढण्यापर्यंत एकेका बंदुकीवर तासभर बोलतात. त्या सगळ्या बोलण्यात एक प्रश्न आपल्या 'नीटला किती'सारखाच येतो, तो म्हणजे 'एफपीएस किती?' एफपीएस म्हणजे डार्ट दर सेकंदाला किती फूट जातो तो आकडा.

माझं म्हणणं असं आहे की हा आकडा खरा असूनही परीक्षण म्हणून तो लबाड आहे. इतर खूप गोष्टी त्याच्याआड लपतात. त्यातल्या काही मजेच्या आहेत, एक-दोन डोळ्याच्या जिवावरच्या आहेत.

बांबू ते फोम

आधी वस्तू समजून घेऊ. तोंडाशी ओल्या कागदाचा बोळा घट्ट बसवलेली पोकळ बांबूची नळी डोळ्यांपुढे आणा. मागून दुसरा बोळा काडीनं आत ढकलायचा. दोन बोळ्यांमधली हवा दाबली जाते आणि पुढचा बोळा 'फट्' करून उडतो. छत्तीसगडमध्ये जगदलपूरच्या गोंचा सणात याच तत्त्वावर चालणारी 'तुपकी' असते. बांबूची नळी आणि तीत पेंग नावाची रानफळं. तिथे रथयात्रेच्या गर्दीत तुपकी उडवणं म्हणजे देवाला दिलेली सलामी. पन्नास-साठ हजारांची आयात केलेली बंदूक घ्या नाहीतर ही तुपकी घ्या, पोटातलं तत्त्व एकच आहे. नळीत हवा दाबायची आणि तिला पळायला एकच वाट ठेवायची.

फोमची गोष्ट १९६९ ची. रेन गायर नावाच्या अमेरिकन खेळणी-संशोधकाला घरात फेकला तरी काही फुटणार नाही असा फोमचा चेंडू सुचला. आधी 'ट्विस्टर' हा खेळ बाजारात आणणारा तो हाच. पार्कर ब्रदर्सनं १९७० साली तो चेंडू नर्फ या नावानं विकायला काढला. म्हणजे नर्फचा जन्म बंदूक म्हणून झालाच नाही, घरातल्या काचा वाचवणारा चेंडू म्हणून झाला. चेंडू उडवणारा ब्लास्टर आला १९८९ मध्ये आणि डार्ट मारणारा 'शार्पशूटर' १९९२ मध्ये. तोवर हा ब्रँड हॅस्ब्रोकडे आला होता.

यात आणखी एक माणूस आहे, त्याचं नाव आपल्याकडच्या प्रत्येक धुळवड खेळणाऱ्याला माहीत असायला हवं. लॉनी जॉन्सन. अमेरिकी हवाई दलात आणि नासाच्या गॅलिलिओ मोहिमेवर काम केलेला हा कृष्णवर्णीय इंजिनियर. पंप मारून दाब भरायची 'सुपर सोकर' ही पाण्याची बंदूक त्याची. रंगपंचमीला पाठीवर टाकी लावून फिरणारी पोरं दिसतात त्या पिचकाऱ्यांची ही मोठी बहीण. हवेच्या दाबाच्या त्याच्या कल्पना पुढे नर्फमध्येही वापरल्या गेल्या. रॉयल्टीवरून वाद झाला आणि २०१३ मध्ये लवादानं हॅस्ब्रोनं त्याला सुमारे ७ कोटी ३० लाख डॉलर द्यावेत असा निर्णय दिला. खेळणं ही पोरकट गोष्ट आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हा आकडा एकदा मोठ्यानं वाचावा.

खोक्यावरचे २७ मीटर

२०१२ साली आलेल्या 'एलिट' मालिकेनं आजचा सगळा बाजार घडवला. तिच्या खोक्यावर ठळक लिहिलेलं असतं : ९० फुटांपर्यंत, म्हणजे २७ मीटर. परीक्षण इथून सुरू करायला हवं, कारण हा आकडा खोटा नाही आणि तुमच्या कामाचाही नाही.

हिशेब अकरावीच्या फिजिक्सचा आहे, लातुरात तर कुणालाही जमेल. एलिटचा डार्ट साधारण ७२ मिलिमीटर लांब, १२.७ मिलिमीटर जाड आणि वजनाला जेमतेम १ ग्रॅम. अशा ब्लास्टरमधून तो साधारण ७० फूट प्रति सेकंद, म्हणजे २१ मीटर प्रति सेकंद या वेगानं सुटतो. तुम्ही उभे राहून, दीड मीटर उंचीवर हात धरून, अगदी सरळ समोर मारला तर तो जमिनीवर पडायला सुमारे ०.५५ सेकंद घेणार. त्या वेळेत तो जाईल बारा मीटरच्या आत. हेही हवेचा विरोध शून्य धरून. प्रत्यक्षात एक ग्रॅमच्या स्पंजच्या तुकड्याला हवा म्हणजे भिंतच, त्यामुळे अंतर त्याहून कमी. मग २७ मीटर कुठून येतात? बंदूक आभाळाकडे तिरकी धरून. डार्ट तेवढा लांब जातो, फक्त कुठे जातो ते त्यालाही माहीत नसतं.

आता प्रश्न असा की २७ मीटर मोकळी जागा कुणाकडे आहे? हे खेळणं ज्या घरामागच्या हिरवळीसाठी बनलं ती हिरवळ अमेरिकेत आहे. आपल्याकडे हॉस्टेलची खोली आहे, गच्ची आहे, जिना आहे, दोन इमारतींमधली बोळ आहे. आपला खेळ तीन ते आठ मीटरचा. या अंतरावर ७० एफपीएसची आणि १०० एफपीएसची बंदूक यांत फरक पडतो तो लागण्याच्या वेदनेत, नेम लागण्यात फारसा नाही.

आणि वेदनेचा हिशेब वेगळ्याच गणितानं चालतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते. १ ग्रॅमचा डार्ट ७० एफपीएसला सुमारे ०.२३ ज्यूल घेऊन येतो. तोच डार्ट १४० ला आणला की ०.९ ज्यूल. म्हणजे मार्क दुप्पट, मार चौपट. परीक्षण करणारा जेव्हा उत्साहानं सांगतो की नवी स्प्रिंग टाकून त्यानं वेग दुप्पट केला, तेव्हा या वाक्याचा उरलेला अर्धा भाग तुम्ही मनात म्हणायचा असतो.

तीन बंदुका, तीन स्वभाव

मग परीक्षणात बघायचं काय? मी तीन ओळखीच्या मॉडेलांवरून सांगतो.

पहिलं, जोल्ट. मुठीत मावणारं, एका वेळी एकच डार्ट मारणारं. याची गंमत अशी की हवेची नळी नेहमीसारखी आडवी नाही, उभी आहे, थेट मुठीच्या आत. खालचा दांडा ओढायचा, स्प्रिंग दाबली जाते, खटका दाबायचा. पुढे काही नाही. आकड्यांच्या तक्त्यात जोल्ट नेहमी तळाला असतं, कारण पुन्हा भरायला वेळ लागतो. पण एकच गोळी असलेला माणूस वेगळा खेळतो. तो थांबतो, वाट बघतो, दाराआडून डोकावतो. मारला आणि हुकला की पळतो. दोघांकडे जोल्ट असेल तर खेळात पहिल्यांदा 'डाव' येतो, नाहीतर नुसता मारा असतो. गोफणीतून एकेक दगड सोडणाऱ्या, ज्वारीची राखण करणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. दगड गोळा करायला वाकावं लागतं म्हणून तो प्रत्येक दगडाचा विचार करतो.

दुसरं, स्ट्राँगआर्म. सहा डार्टांचं फिरणारं चक्र, तेही २०१२ चं. वरचा भाग मागे ओढून स्प्रिंग दाबायची. चक्र बाजूला बाहेर येतं आणि डार्ट भरता येतात. खटका दाबून ठेवून वरचा भाग नुसता मागेपुढे केला तर धडाधड सहा सुटतात. या बंदुकीची खरी गुणवत्ता त्या बाहेर येणाऱ्या चक्रात आहे. तो 'खट्' आवाज, मनगटाचा झटका, चक्र आत बसणं. एफपीएसमध्ये हे कुठेच येत नाही आणि माणूस बंदूक हातात घेतो ते निम्मं याचसाठी.

आता याच जागेवर २०२० मध्ये आलेलं एलिट २.० मालिकेतलं कमांडर बघा. त्यालाही सहाचं चक्र आहे, पण ते बाहेर येत नाही, पुढूनच भरायचं. अंगावर मात्र पट्ट्या, खाचा, पुढे-मागे जोड लावायच्या जागा, म्हणजे दिसायला जास्त 'गंभीर'. खोक्यावर मीटर तेवढेच. मार्कांच्या तक्त्यात दोघं शेजारी बसतात. पण एकात हाताला काम होतं, दुसऱ्यात डोळ्याला. याहून मोठा फरक आतला आहे. जुन्या मालिकांमध्ये कवचाचे दोन भाग स्क्रूनं जोडलेले असत. साधा चौफुलीचा स्क्रू-ड्रायव्हर घेतला की पाच मिनिटांत आतलं सगळं समोर. एलिट २.० मध्ये बऱ्याच ठिकाणी कवच चिकटवलेलं आहे. तुटलं की टाका.

मला हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, म्हणून जरा थांबतो. आपल्याकडे खेळणं बिघडलं की फेकत नाहीत, उघडतात. रेडिओ, पंखा, मिक्सर, टीव्हीचा रिमोट, सगळं आधी घरात उघडलं जातं. कितीतरी इंजिनियर गणिताच्या क्लासात नाही, उघडलेल्या खेळण्यासमोर मांडी घालून घडले. स्क्रू म्हणजे खेळण्यानं तुम्हाला दिलेलं आमंत्रण असतं. ते काढून तिथे गोंद लावणं हा मला कंपनीच्या खर्चाचा नाही, स्वभावाचा बदल वाटतो. ज्या परीक्षणात 'उघडता येतं का?' हा प्रश्न नाही ते परीक्षण मी अपूर्ण समजतो.

तिसरं, स्ट्राइफ. २०१३ चं, आणि माझ्या मते या सगळ्या छंदातलं सगळ्यात बोलकं यंत्र. यात स्प्रिंगनं हवा दाबायची भानगडच नाही. दोन छोट्या मोटरी, त्यांच्यावर दोन चाकं, एकमेकांच्या उलट फिरणारी. पहिला खटका दाबला की चाकं गरगरू लागतात. दुसरा दाबला की डार्ट त्यांच्यामध्ये ढकलला जातो आणि चाकं त्याला ओढून फेकतात. उसाच्या चरकात ऊस घालतात तसं, फक्त चरक भयंकर घाईत आहे असं समजा.

स्ट्राइफला चार पेन्सिल सेल लागतात आणि इथे आपल्या गल्लीतलं परीक्षण अमेरिकेतल्या परीक्षणाहून वेगळं होतं. भिंतीवरच्या घड्याळात किंवा रिमोटमध्ये घालतो ते स्वस्त सेल मोटरीला लागणारा करंट देऊ शकत नाहीत. पहिला डार्ट बरा जातो, दुसऱ्याला चाकं दमलेली असतात, तिसरा पायाशी पडतो. अल्कलाइन सेल चांगले, पण एका दिवाळीत संपतात. चार्ज करायचे निकेल सेल प्रत्येकी १.२ व्होल्टचे, म्हणजे चार मिळून ४.८. कागदावर हे ६ व्होल्टपेक्षा कमी दिसतं. प्रत्यक्षात ओढाताणीत ते टिकून राहतात म्हणून बरे पडतात. आणि एक सूचना, जी मी प्रत्येकाला देतो : याच मापाचे ३.७ व्होल्टचे लिथियम सेल सरळ आत कोंबू नका. आतल्या बारीक वायरी त्यासाठी नाहीत. वायर, स्विच, मोटर सगळं बदलायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं.

स्ट्राइफचा आवाज हा त्याचा दोष आणि तोच गुण. चाकं फिरायला लागली की शेजारच्या खोलीतल्याला कळतं, कुणीतरी येतंय. लपून मारायचं असेल तर ही बंदूक निकामी. पण तोच आवाज समोरच्याला पळायला एक सेकंद देतो. खेळात समोरच्याला संधी देणारी वस्तू मला वेगवान वस्तूपेक्षा जास्त आवडते.

डार्ट कोण तपासतो?

महाशिवरात्रीला लातुरात सिद्धेश्वराची यात्रा भरते. पाळणे, मौत का कुआँ, फुगे फोडायची छऱ्याची बंदूक आणि खेळण्यांच्या पालांची लांबलचक ओळ. या पालांवर गेल्या काही वर्षांत डार्टच्या बंदुका भरपूर दिसतात. गंजगोलाईच्या सोळा रस्त्यांपैकी खेळणी मिळणाऱ्या कुठल्याही रस्त्याला लागा, तिथेही आहेत. रंग नर्फचे, नाव काहीतरी वेगळंच. किंमत अस्सलच्या दहाव्या हिश्श्यात. महागड्या बंदुकांवर तासतासभर बोललं जातं आणि आपल्या गावातली नव्वद टक्के नाही तरी बहुतेक पोरं खेळतात ती बंदूक मात्र कुणाच्याच परीक्षणात नसते. म्हणून ते मी इथे करतो.

पालावरची बंदूक घेतली तर बंदुकीकडे नंतर बघा, आधी डार्ट हातात घ्या. तीन गोष्टी तपासा. टोकाचं रबर अंगठ्यानं दाबून बघा. चांगल्या डार्टचं टोक दबतं, वाईटाचं गोटीसारखं टणक असतं. टोक फोमपासून ओढून बघा. सहज सुटत असेल तर ते कधीतरी लहान पोराच्या तोंडात जाणार. आणि फोम पिळून सोडा. परत फुगत नसेल तर तो डार्ट दोन दिवसांत वाकडा होणार आणि वाकडा डार्ट कुठेही जातो. पुढे सक्शनचा वाटीसारखा कप असलेले डार्ट काचेला चिकटतात म्हणून पोरांना फार आवडतात. हेच डार्ट ओले करून मारायची पद्धत आहे, तेव्हा डोळ्यांच्या उंचीवरचा आरसा त्यासाठी वापरू देऊ नका.

डोळ्यांचा मुद्दा मी घाबरवायला काढत नाही. लंडनच्या मूरफील्ड्स या नेत्र-रुग्णालयातल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये तीन रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. फोमचा डार्ट डोळ्याला लागून तिघांच्याही डोळ्यात आतल्या आत रक्तस्राव झाला होता. त्यांतले दोघं मोठी माणसं होती आणि एक अकरा वर्षांचा मुलगा. तिघंही बरे झाले. पण डॉक्टरांनी सुचवलं की खेळताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा. फोम मऊ असतो हे खरं, आणि डोळा त्याहून मऊ असतो हेही खरं. ज्या अंतरावर आपण खेळतो त्या तीन-चार मीटरवर डार्टचा वेग कमी व्हायला वेळच मिळत नाही. हार्डवेअरच्या दुकानात वेल्डिंग-ग्राइंडिंगचे साधे पारदर्शक गॉगल मिळतात. बंदुकीच्या किमतीपुढे ते काहीच नाहीत.

कायदा काय म्हणतो? केंद्र सरकारच्या २०२० च्या गुणवत्ता आदेशानुसार १ जानेवारी २०२१ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय खूण सक्तीची आहे. खुणेच्या आसपास सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो 'बीआयएस केअर' या अॅपमध्ये टाकला की परवाना कुणाचा आहे ते कळतं. फोन हातात असतोच, दुकानात उभ्याउभ्या एका मिनिटाचं काम आहे. यात एक बारकावा आहे. हा आदेश १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी आहे. खोक्यावर '१४+' लिहिलं की वस्तू कागदोपत्री या व्याख्येच्या बाहेर उभी राहते. छंदवाल्यांच्या जास्त ताकदीच्या बंदुकांवर बहुधा हाच आकडा असतो. तेव्हा '१४+' याचा अर्थ 'मोठ्यांसाठी मस्त' असा घेऊ नका. 'याची तपासणी आता तुमची तुम्ही करा' असा घ्या.

दुसऱ्या बाजूनं, खेळण्यांवरची आयात-जकात २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर आणि २०२३ मध्ये ७० वर गेली. हेतू देशी कारखानदारीला बळ देण्याचा. त्याचा फायदा-तोटा हा मोठा विषय आहे. माझ्यासारख्या जमवणाऱ्यापुरतं बोलायचं तर अस्सल माल आणखी वर गेला आणि पालावरचा माल आहे तिथेच राहिला. मधली, म्हणजे चांगली आणि परवडणारी बंदूक दुर्मिळ झाली. जुनी, वापरलेली, स्क्रूवाली बंदूक म्हणूनच मला नव्यापेक्षा प्यारी आहे.

जमवणं म्हणजे सांभाळणं

जमवणाऱ्याला एक गोष्ट लवकर कळते, ती पहिल्या दिवसाच्या परीक्षणात येऊच शकत नाही. ती म्हणजे वस्तूचं म्हातारपण. मराठवाड्याचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. पत्र्याच्या खोलीत माळ्यावर ठेवलेले डार्ट एका मोसमात कडक होतात, टोकाचा गोंद सुटतो. भरलेल्या मॅगझिनमध्ये महिनाभर राहिलेला डार्ट एका बाजूनं चेपतो आणि मग कायम डावीकडे वळतो. धूळ नळीत बसते, हवा कोंडणाऱ्या रबरी कडीवर चढते आणि बंदूक 'दम लागल्यासारखी' मारते. लोक अशा वेळी शिलाई मशीनचं तेल घालतात. ते पातळ असतं, चार दिवसांत धूळ धरून चिखल होतो. थोडं सिलिकॉन ग्रीस बोटानं लावायचं, बस. स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत बंदूक कधी ठेवायची नाही. डार्ट न घालता उगाच खटका दाबायचा नाही. पुढे डार्ट नसला की हवेला विरोध होत नाही आणि आतला दट्ट्या पूर्ण जोरानं प्लास्टिकवर आपटतो. जुन्या मॉडेलांमध्ये हा धक्का कमी व्हावा म्हणून हवेच्या वाटेत एक छोटा अडथळा बसवलेला असायचा. छंदवाले एफपीएस वाढवायला पहिल्यांदा तोच काढतात. पुन्हा तेच : आकडा वाढतो, आयुष्य घटतं.

माझा मावसभाऊ नीटसाठी रिपीट करतो. हॉस्टेलवरून रविवारी जेवायला येतो. एकदा मी मांडी घालून एक बंदूक उघडून बसलो होतो. "काय करायलाव दादा?" म्हणत तो शेजारी बसला. दट्ट्या, कडी, स्प्रिंग बाहेर काढून ठेवली तसं त्यानं एकेक हातात घेतलं. दाब, क्षेत्रफळ, ऊर्जा हे सगळं त्याला तोंडपाठ आहे, माझ्याहून कितीतरी जास्त. तरी नळीच्या तोंडावर अंगठा ठेवून दट्ट्या ढकलला आणि हवा अंगठ्याला परत ढकलू लागली तेव्हा तो म्हणाला, "हे एवढं असतंय व्हय!" त्या वाक्याला कुठल्या पेपरात मार्क नाहीत. तो पेपर चांगला देवो, डॉक्टर होवो, माझी इच्छा तीच आहे. पण हाताला काही कळणं आणि उत्तर बरोबर येणं या दोन गोष्टी आहेत. आपल्या शहरानं दुसरीला पूर्ण जीव दिला आणि पहिलीला वेळापत्रकात जागाच ठेवली नाही.

बंदूक की ब्लास्टर?

कंपनी 'गन' हा शब्द टाळते, 'ब्लास्टर' म्हणते. मराठीत आपण सरळ 'बंदूक' म्हणतो, या लेखातही मी तेच केलं. शब्द टाळून वस्तू बदलत नाही असं मला वाटतं. पण रंग-रूप बदलून ती बदलते. निळा-नारिंगी-पिवळा भडकपणा हा या खेळण्याचा सगळ्यात शहाणा गुण आहे. लांबून बघणाऱ्यालाही एका क्षणात कळतं, हे खोटं आहे. दिवाळीतली टिकल्यांची बंदूक आवाज करायची, धूर काढायची, पण तिच्या पत्र्याच्या अंगाला बघून कुणी फसायचं नाही. आता उलटी हवा आहे. काळ्या रंगाच्या, खऱ्या पिस्तुलाची हुबेहूब नक्कल केलेल्या, रिकामी पुंगळी बाहेर फेकणाऱ्या फोमच्या बंदुका बाजारात भरल्या आहेत आणि त्यांची परीक्षणं 'किती खरी वाटते!' या वाक्यावर संपतात.

इथे मी निगेटिव्ह मार्किंग लावतो. हातात पिस्तूल घेऊन स्टेटस ठेवणाऱ्या 'भाई' पोरांचं वेड आपल्या तालुक्या-तालुक्यात दिसतं. त्या वेडाला स्वस्तात साहित्य पुरवणारी वस्तू खेळणं म्हणून नापास आहे, तिची यंत्रणा कितीही सुबक असो. खोटं असल्याचं जे लपवतं ते खेळणं नव्हे, ती बतावणी. आणि रात्री रस्त्यावर अशी वस्तू घेऊन फिरणाऱ्या पोराला समोरचा माणूस किंवा पोलिस काय समजेल, याची जबाबदारी परीक्षण करणाऱ्यावर थोडी तरी आहे.

निकाल

तर पुढच्या वेळी एखाद्या बंदुकीचं, किंवा खरं तर कुठल्याही वस्तूचं परीक्षण वाचाल, बघाल, तेव्हा आकडा ऐका आणि त्याच्या मागे पाच प्रश्न लावा. माझ्या जागेत ती कशी वागेल? हाताला काय काम देईल? बिघडली तर उघडेल का? दोन उन्हाळे काढेल का? आणि समोरच्याला, म्हणजे ज्याच्यावर ती रोखली जाणार आहे त्याला, खेळायला मजा येईल का?

शेवटचा प्रश्न मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण तो कुणीच विचारत नाही. बंदुकीचं परीक्षण नेहमी मारणाऱ्याच्या बाजूनं होतं. पण हा खेळ दोघांचा आहे. दुसऱ्यानं गॉगल काढून "जाऊ दे, मी नाही खेळत" म्हटलं की १५० एफपीएसची बंदूक भिंतीवरच्या खुंटीएवढीच कामाची. जोल्ट, स्ट्राँगआर्म आणि स्ट्राइफ या तिघांनाही मी याच कारणासाठी पास करतो. तक्त्यात ती वर नसतील, पण डार्ट लागलेला पोरगा हसत तोच डार्ट उचलतो आणि म्हणतो, आता माझी पाळी.